पुन्हा पुन्हा दुखणारी नडगी: पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. तिची तयारी करणाऱ्या नवख्या माणसाचा दम पहिल्या महिन्यातच सुधारतो. गाडी अडते ती गुडघ्याखाली, नडगीत. बरं, दुखणं एकदा येऊन थांबतही नाही. आठ-दहा दिवस विश्रांती घेतली की जातं आणि पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा हजर होतं. मग नवे शूज, मग पट्टी, मग तेल, मग परत विश्रांती.

खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या पाचांना एक रुपया लागत नाही. सहावीत पैसे जातात, सातवीत घाम. बहुतेकांचं उत्तर दुसऱ्या तपासणीत सापडतं, पण म्हणून पहिली गाळू नका. पुढचं सगळं वाचायचं की थेट डॉक्टरकडे जायचं, हे तीच ठरवते.

लक्षणं

नेहमीचं दुखणं असं असतं. नडगीच्या हाडाची आतली कड, म्हणजे दुसऱ्या पायाकडची बाजू, घोट्याच्या थोडं वरपासून पोटरीच्या मध्यापर्यंत ठसठसते. ठिपका नव्हे, पट्टा दुखतो. पळायला सुरुवात केली की पहिला दीड-दोन किलोमीटर त्रास होतो, अंग तापलं की गायब, आणि आंघोळ करून खुर्चीत टेकलं की पुन्हा सुरू. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं आखडलेली पडतात. जिना चढताना काही नाही, उतरताना जाणवतं. बहुतेकदा दोन्ही पाय दुखतात, त्यातला एक जास्त. दुर्लक्ष केलं की पुढची पायरी येते: अंग तापल्यावरही दुखणं जात नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नुसतं चालतानाही दुखणं. पळणारी मंडळी याला ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ‘मीडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम’ असतं.

नडगीच्या बाहेरच्या बाजूचा मांसल भाग भरून येणं ही वेगळी गोष्ट. उतारावर पळालं किंवा भराभर चाललं की नवख्यांना हे होतंच आणि तीन-चार दिवसांत जातं. मात्र तोच स्नायू दर वेळी ठरावीक अंतरावर दगडासारखा घट्ट होत असेल, पावलाला मुंग्या येत असतील आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं सुटत असेल, तर मधलं सोडून शेवटचा भाग वाचा.

पहिली तपासणी: अंगठा

खुर्चीत बसा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर आडवा ठेवा. घोट्याच्या आतल्या हाडापासून वर, नडगीच्या आतल्या कडेवर, दर दोन सेंटिमीटरला अंगठ्याने दाबत जा आणि दुखेल तिथे बॉलपेनने खूण करा. दोन्ही पायांवर करा, कारण दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशीच करायची असते.

खुणांची रांग तीन बोटांच्या रुंदीपेक्षा, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल आणि सगळीकडे दुखणं सारखंच असेल, तर हा नेहमीचा प्रकार. पुढे वाचत चला. पण एकच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि तिथे दाबलं की हात झटकला जातो, असं असेल तर हाडाला बारीक चीर जात असण्याची शक्यता आहे. त्या दिवसापासून पळणं बंद. ‘खात्री करून घेऊ’ म्हणून त्या पायावर उड्या मारून बघू नका. चीर असेल तर उड्यांनी ती वाढेल.

खुणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांनी पट्टा आखूड झाला की लांबला, ते फोटो सांगतो. आठवणीवर विसंबलं तर ‘तसं बरंच बरं आहे’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते देणाऱ्याला रविवारी पळायचं असतं.

दुसरी तपासणी: वही

मागच्या सात-आठ आठवड्यांत पायांनी काय काय केलं ते कागदावर काढा. घड्याळातले किलोमीटर तर लिहाच, पण पायांवर पडलेला बाकीचा भारही लिहा.

तो का मोजायचा, ते आधी. हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार वाढला की शरीर आधी जुना भाग खणून काढतं आणि मग तिथे नवा, जास्त मजबूत भाग भरतं. खणणं लवकर उरकतं, भरणं सावकाश चालतं. रस्ते खोदून केबल टाकण्याचं काम पाहिलेल्या पुणेकराला हे वेगळं समजावायला नको: खोदणारे एका रात्रीत येऊन जातात, बुजवणारे कधी येतील सांगता येत नाही. त्यामुळे भार वाढवल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास हाड काही काळ आधीपेक्षा कमजोर असतं. दम मात्र त्याच तीन-चार आठवड्यांत सुधारलेला असतो. छाती म्हणते आणखी पळ, हाड म्हणते थांब, आणि हाडाचा आवाज उशिरा ऐकू येतो.

आता एक नमुना पाहा. आठवड्याचे किलोमीटर असे: १८, २०, २२, ४, ६, २८, ३१. सरासरी काढली तर १८च्या आसपास येते, अगदी सोज्वळ. दोष सरासरीत नाही, ६च्या पुढे थेट २८ आले त्यात आहे. मधले ते दोन आठवडे गणपतीचे. दहा दिवस पळणं बुडालं, मग शर्यतीला किती आठवडे उरले ते मोजलं आणि घाबरून दोन आठवड्यांचं एका आठवड्यात वसूल केलं. लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सर्वांत लांब रन, ९ किलोमीटरवरून उडी मारून १५वर गेला. नडगी नवरात्राच्या आसपास बोलायला लागते.

आणि ते ४ किलोमीटरही खरे नसतात. ढोल पथकात असाल तर सरावाला नदीपात्रात रोज दोन-तीन तास ढोल बांधून उभं राहणं, विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर अर्धी रात्र, तीही चपलेत किंवा अनवाणी. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये नोंदलं जात नाही, नडगीत मात्र नोंदलं जातं. तेच सिंहगडाचं. आतकरवाडीतून पायवाटेने वर जाऊन पायीच उतरलं की साधारण सहाशे मीटरची चढण आणि तेवढीच उतरण होते. ‘रविवारी पळालो नाही, नुसता सिंहगड केला’ या वाक्यातला ‘नुसता’ खोडा आणि तो दिवस लाँग रन म्हणून लिहा. आषाढात पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाटाने सासवडपर्यंत चालून आला असाल तर तो अख्खा आठवडा जड आठवडा धरा.

दुरुस्ती अशी. आठवड्याला १० टक्के वाढ हा नियम ढोबळ अंदाज आहे, त्याला चिकटून बसण्याची गरज नाही. त्यापेक्षा एका रनची उडी सांभाळा. मागच्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब रनच्या दहाव्या भागाहून जास्त वाढ एका वेळी नको. म्हणजे ९वरून जेमतेम १०, १५वरून साडेसोळा. आठवड्यात तीन किंवा चार दिवस पळा, लागोपाठ दोन दिवस नको. लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्याच्या आत ठेवा. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर २५ ते ३० टक्के कमी करा. तो आठवडा बुजवणाऱ्यांचा.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि परंपरेने ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तिथून १६ आठवडे मागे मोजलं की ऑगस्टचा मध्य येतो. त्या दिवशी न थांबता ५ किलोमीटर आरामात पळता येत असतील तरच १६ आठवडे पुरतात. येत नसतील तर जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, चालणं-पळणं मिसळून सुरुवात हवी. गणपतीचे दहा दिवस बुडणार हे आधीच धरून आखणी करा. त्या दिवसांत पहाटे एक दिवसाआड २५ मिनिटं जरी पळालं तरी खंड पडत नाही. आणि बुडालेले किलोमीटर वसूल करायचे नसतात. ते गेले.

तिसरी तपासणी: वेग

नवख्यांचे सोपे रन सोपे नसतात. पळताना घरचा पत्ता मोठ्याने म्हणून बघा: इमारत, पेठ, ओळखीची खूण, पुणे, पिनकोड. एका दमात, धाप न लागता म्हणता आला तर वेग बरोबर. ‘शुक्रवार पेठ’ म्हणतानाच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. वेग वाढला की प्रत्येक पावलाचा हाडावरचा ताण वाढतो, आणि हाड थकण्यात पावलांच्या संख्येपेक्षा प्रत्येक पावलाच्या ताणाचा वाटा मोठा असतो. आठवड्यातल्या चार रनपैकी तीन या पत्ता-वेगाने पळा. नडगी दुखत असेपर्यंत चौथाही. ग्रुपमध्ये पळत असाल तर स्वतःपेक्षा हळू पळणाऱ्याच्या शेजारी राहा. हे सांगायला सोपं आणि करायला सगळ्यांत अवघड.

चौथी तपासणी: जमीन

पुण्यात पळायला डांबर, सिमेंट, पेव्हर ब्लॉक, मैदानाची माती आणि टेकडीची वाट एवढे प्रकार सहज मिळतात, आणि गोंधळ तिथेच होतो. मऊ जमीन चांगली आणि कडक वाईट, एवढं सोपं प्रकरण नाही. शरीर सवयीच्या जमिनीशी जुळवून घेतं. त्रास अचानक बदलाचा होतो. चार महिने तळजाईच्या मातीवर पळून शर्यतीच्या तीन आठवडे आधी डांबरी रस्त्यावर १८ किलोमीटर काढणारा आणि वर्षभर सोसायटीच्या सिमेंट रस्त्यावर पळून एका रविवारी वेताळ टेकडीच्या दगडगोट्यांच्या उतारावर झोकून देणारा, दोघांच्याही नडग्या सारख्याच दुखतात. शर्यत डांबरावर असणार, म्हणून दर आठवड्याचा एक रन तरी डांबरावर हवा.

रस्त्याचा उतार बघा. पाणी गटारीकडे वाहावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज जाताना आणि येतानाही आपल्या डाव्या हाताच्याच कडेने पळालं की कडेकडचा पाय खाली आणि दुसरा वर पडतो. एकच नडगी दुखत असेल तर आधी हाच संशय घ्या. रस्ता न ओलांडता, गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे येताना उतार उलटा होतो. अर्थात पहाटे रहदारी नसेल आणि समोरचं दिसत असेल तरच. सणस मैदानासारख्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने पळतात, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. तिथे आठवड्यातून एकदा जायला हरकत नाही, सगळे रन मात्र तिथे नकोत. पावसाळ्यात टेकडीवरची वाट चिकट होते आणि घसरू नये म्हणून प्रत्येक पावलाला पोटरी आवळली जाते. त्यापेक्षा विद्यापीठाच्या आवारातला रस्ता बरा.

पाचवी तपासणी: पावलांची मोजणी

सोप्या वेगात पळताना उजवं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि ४ने गुणा. ३९ आले तर मिनिटाला १५६ पावलं. संख्या कमी याचा अर्थ पाऊल लांब, आणि लांब पाऊल शरीराच्या पुढे जाऊन आदळतं. त्याच वेगात पावलं जरा आखूड आणि जलद केली की प्रत्येक पावलाचा नडगीवरचा ताण कमी होतो.

५ टक्क्यांनी वाढवा. १५६चे १६४. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक ठेका वाजवणारं, कुठलंही फुकट अ‍ॅप लावा, एक मिनिट त्या ठेक्यावर, दोन मिनिटं आपल्या मनाने, असं पाच-सहा वेळा. तीन-चार आठवड्यांत ठेका अंगवळणी पडतो. १८० हा आकडा सगळीकडे ऐकू येईल. तो प्रत्येकाला लागू होत नाही, उंच माणसाला तर नाहीच; त्याच्या मागे लागू नका. आणि टाचेवर पडणारं पाऊल मुद्दाम चवड्यावर आणू नका. तसं केल्याने ताण नाहीसा होत नाही, पोटरीत आणि पावलाच्या हाडांत सरकतो, आणि पोटरी आधीच कमी पडतेय म्हणून तर हे दुखणं आलंय.

सहावी तपासणी: शूज

लोक सुरुवात इथून करतात, म्हणून ही तपासणी मुद्दाम सहावी ठेवली आहे.

जोडी किती किलोमीटर चालली ते आधी बघा. पळायचे शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वजन जास्त असेल तर ५००च्या जवळ. तेच शूज घालून ऑफिसला आणि मंडईत जात असाल तर तेही धरा. शूज टेबलावर ठेवून मागून बघा: टाच आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलली असेल तर जोडी संपली. तळाच्या रबराची टाचेची बाहेरची कड झिजणं मात्र अगदी सामान्य आहे, त्यावरून काही ठरवू नका. बॅडमिंटनचे, जिमचे किंवा ‘घरात पडलेले चांगले ब्रँडेड’ शूज पळण्यासाठी नसतात.

नवी जोडी संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पळताना घालणार तेच मोजे घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात पाच मिनिटं चालून-पळून बघा आणि पायाला सर्वांत आरामदायक वाटेल तीच उचला. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून कमान बघणं मजेशीर आहे, पण त्या ठशावरून शूजचा प्रकार निवडल्याने दुखापती कमी होतात असं दिसलेलं नाही. कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेले, शूज पहिल्या हाफसाठी नकोत. पैसे वाचतील आणि पोटरीसुद्धा.

पावसाळ्यात ओल्या शूजमध्ये दुसऱ्या दिवशी पळू नका. आतला सुटा तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरसमोर गोंद सुटतो. जून ते सप्टेंबर दोन जोड्या आलटून-पालटून वापरणं परवडत असेल तर उत्तम.

सातवी तपासणी: पोटरीची ताकद

चाचणी सोपी. जिन्याच्या सपाट चौकात उभं राहा, तोल सांभाळायला कठड्याला दोन बोटं टेकवा. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण वर उचला आणि सावकाश खाली आणा. किती जमतात? २५ नीट जमायला हव्यात. नडगी दुखणाऱ्या नवख्यांची गाडी बहुतेकदा १२-१५वर अडते. मग गुडघा थोडा वाकवून तेच करा. आता काम पोटरीच्या आतल्या, खोल स्नायूकडे जातं आणि लांब पळताना हाच स्नायू जास्त राबतो.

याचा नडगीशी संबंध असा: प्रत्येक पावलाला नडगीचं हाड अगदी किंचित वाकतं. पोटरी ते वाकणं आवरते. ती सातव्या किलोमीटरला थकली की उरलेल्या किलोमीटरांचं वाकणं हाडाला सोसावं लागतं. म्हणून दुखणं छोट्या रनपेक्षा लांब रनच्या संध्याकाळी जास्त येतं.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस: गुडघा सरळ ठेवून १२चे ३ संच आणि गुडघा वाकवून १२चे ३ संच. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर १५चे ३ संच सहज व्हायला लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो तांदळाची पिशवी टाका. जोडीला भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून, चवडे वर उचलणं: २०चे २ संच. फरक जाणवायला ८ ते १२ आठवडे लागतात. दुखणं थांबलं म्हणून चौथ्या आठवड्यात हे सोडून देणारे सर्वांत जास्त, आणि दुखणं परत येणारेही तेच. नुसतं स्ट्रेचिंग याची जागा घेत नाही.

आठवी तपासणी: ताट, झोप, रक्त

हाड भरायला माल लागतो. तयारीच्या मधोमध श्रावण आणि नवरात्र येतात. उपवास जरूर करा, पण उपवासाच्या दिवशी लाँग रन नको, आणि दिवसभर साबुदाणा खिचडीवर काढला तर प्रथिनं फार कमी मिळतात हे लक्षात ठेवा. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा उपवासालाही चालतात. एरवी वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. वरण-भातातून एवढी येत नाहीत. उसळ, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन यांतलं काही रोज लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे एका वेळी नाचणीची भाकरी हा चांगला सौदा. वजन कमी करणं आणि पहिली हाफ दोन्ही एकदम करायचं ठरवलं असेल तर एक निवडा.

सात तासांहून कमी झोप असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही दुखणं रेंगाळतं.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे घरोघरी सापडते. दुखणं दुसऱ्यांदा आलं असेल तर ती रक्ततपासणी करून घ्या. अहवाल न बघता शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी घेऊ नका. मात्रा आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पळायला लागल्यापासून पाळी अनियमित झाली किंवा तीन महिने आलीच नाही, तर तो ‘व्यायामाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. अंगाला अन्न कमी पडतंय आणि हाडं झिजताहेत याची ती खूण असू शकते. पळणं थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

परत कसं यायचं

दुखणं पुन्हा पुन्हा येण्याचं खरं कारण या टप्प्यात आहे. विश्रांतीने दुखणं जातं, हाड मजबूत होत नाही. उलट दोन आठवडे बसून राहिल्याने पोटरी थोडी ढिलीच पडते. आणि मग माणूस जिथे थांबला होता त्याच किलोमीटरवर परत सुरू करतो.

पळणं बंद असताना सायकल किंवा पोहणं चालू ठेवा, दम टिकतो. सायकलने नडगी दुखत नसेल तर ४० मिनिटांचा रन म्हणजे साधारण तासभर सायकल असा हिशेब ठेवा. लागोपाठ पाच दिवस चालताना, जिना उतरताना काही दुखलं नाही, ४५ मिनिटं भराभर चालून दुसऱ्या सकाळी पाय ठीक राहिला, आणि अंगठ्याने दाबल्यावरचा पट्टा स्पष्ट आखूड झाला, तर सुरुवात करा.

पहिला आठवडा: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे, एक दिवसाआड.
दुसरा आठवडा: दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आठ ते दहा फेरे.
तिसरा आठवडा: पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पाच फेरे.
चौथा आठवडा: सलग २५ ते ३० मिनिटं, तीन दिवस. इथून पुढे आठवड्याचं अंतर दुखण्याआधीच्या निम्म्यावरून वाढवत न्या.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. पळताना २पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी शून्य झालं तर पुढच्या पायरीवर जा. सकाळी थोडं उरलं तर तीच पायरी पुन्हा. पळताना ४ झालं किंवा चाल बदलली, लंगडायला झालं, तर तिथेच थांबून रिक्षा करा. घरापासून दूर न जाता दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारण्याचा फायदा अशा वेळी कळतो.

बर्फाने पंधरा मिनिटं शेकलं तर बरं वाटतं, एवढंच. पोटरीला तेल लावून हलकी मालिश चालेल, पण हाडाच्या दुखऱ्या कडेवर अंगठा रगडू नका. पोटरीवरचे घट्ट मोजे आणि रंगीत पट्ट्या यांनी आराम वाटला तर वापरा. त्यांच्या भरवशावर अंतर वाढवू नका. पळण्याआधी वेदनाशामक गोळी मात्र कधीच नको. ती धोक्याची घंटा बंद करते, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

खालच्यांपैकी एक जरी असेल तरी घरगुती तपासण्या संपल्या.

दुखणं नाण्याएवढ्या एकाच जागी आहे. रात्री झोपेत किंवा नुसतं बसलेलं असतानाही ठणकतं. साधं चालताना लंगडायला होतं. त्या जागी सूज किंवा हाडावर गाठ हाताला लागते. नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर, मध्यावर, एकच जागा दुखते. इथली चीर भरायला फार वेळ घेते आणि पूर्ण तुटण्याचा धोकाही असतो. यांतलं काहीही असेल तर ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा, तोवर पळणं पूर्ण बंद. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणजे पळायला मोकळीक नव्हे. एमआरआय लागेल का ते डॉक्टरांना विचारा. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे पळणं नाही, कधी त्याहून जास्त. अशा पायावर मालिशवाल्याकडून किंवा हाड बसवणाऱ्याकडून काहीही करून घेऊ नका.

ठरावीक अंतरावर स्नायू घट्ट होणं, पावलाला मुंग्या, चवडा वर उचलता न येणं आणि थांबल्यावर सुटणं, हा स्नायूंच्या आवरणातला दाब वाढण्याचा प्रकार असू शकतो. शूज किंवा व्यायाम बदलून तो निघत नाही, तज्ज्ञच लागतो. थांबूनही तासाभरात सुटला नाही आणि वेदना वाढतच गेली, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.

एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, विशेषतः लांबच्या बस किंवा विमान प्रवासानंतर किंवा प्लास्टर काढल्यावर, तर ती पळण्याची दुखापत समजू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर तत्काळ रुग्णालय.

यांतलं काहीच नाही, नेहमीचाच पट्टा आहे, पण तीन आठवडे अंतर कमी करून, पोटरीचे व्यायाम करूनही फोटोतल्या खुणा तेवढ्याच आहेत, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना वही, खुणांचे फोटो आणि जुने शूज सोबत न्या. पहिल्या भेटीतले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

नाव नोंदवलेलं असेल आणि शर्यतीला तीन आठवडे उरले असताना चालतानाही दुखत असेल, तर २१ किलोमीटर सोडा. दुखणं गेलंय, पण लाँग रन १४-१५च्या पुढे गेलेलाच नाही, अशा वेळी आयोजकांना १० किलोमीटरच्या गटात बदल करून मिळेल का ते विचारा. हा अर्ज शेवटच्या आठवड्यात सहसा घेत नाहीत, त्यामुळे आधीच पाठवा.